पंधरा हजारांत लॅप स्टील घ्यायची, तर आधी खिशात दोरा ठेवा

प्रश्न असा आला आहे: घरी स्टीलच्या तारांची साधी अकूस्टिक गिटार दहा-बारा वर्षं कपाटावर पडून आहे, ती फारशी कधी वाजलीच नाही. आता मांडीवर आडवी ठेवून वाजवायची लॅप स्टील शिकायची आहे. बजेट पंधरा हजार, तेही अँप (गिटारीचा आवाज मोठा करणारा डबा) धरून. दुकानात कोलकात्याची इलेक्ट्रिक हवाईयन दाखवतात, ऑनलाइन परदेशी स्वस्त लॅप स्टील दिसते, आणि ओळखीतल्या एकाने जुनी जपानी विकायला काढली आहे. वाजवायची आहेत ती मुख्यतः भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी, जमलं तर थोडं हवाईयन. कुठली घेऊ?

माझं उत्तर: दोन महिने कुठलीच घेऊ नका. कपाटावरची गिटार खाली काढा. दीड-दोन हजारांत तिचीच लॅप स्टील करता येते, आणि ती वाजवून झाल्यावर दुकानात गेलात तर विकणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळत असेल. बाकीचं उत्तर लांब आहे, कारण कोणती घ्यायची यापेक्षा कशी तपासायची हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

नावाचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात, तिलाच अमेरिकेत लॅप स्टील म्हणतात. तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, दाबायच्या नाहीत, वरून स्टीलचा बार सरकवायचा. ही पद्धत हवाई बेटांतल्या ओआहूवर, लाये गावच्या जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. त्याने आधी कंगवा, सुरीची पाठ असं काय काय तारांवर फिरवून पाहिलं आणि शेवटी शाळेच्या वर्कशॉपमध्ये स्टीलचा बार घडवला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत या वाद्याचं वेड पसरलं. आपल्याकडे त्याचं घर झालं कोलकाता. हवाईयन वादक ताऊ मो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे राहून वाजवत आणि शिकवत होते. सुनील गांगुलींच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्डी महाराष्ट्रातल्या घराघरांतही वाजल्या, आणि मुंबईच्या फिल्मसंगीतात व्हॅन शिपले होतेच. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांना १९९४ चं ग्रॅमी मिळालं. म्हणून आजही भारतात हवाईयन बनवणारे कारखाने बहुतेक कोलकात्याचेच. तुमच्या दुकानदाराने कोलकात्याची दाखवली त्यात नवल काही नाही.

आता मुद्द्याचं. साध्या गिटारीत पैसे कशाला पडतात? मान सरळ असायला, फ्रेट एका पातळीत बसवायला, बोटांना तार जवळ लागेल इतकी खाली आणायला. कारागिराचा निम्मा जीव तिथे जातो. लॅप स्टीलला यातलं काहीच लागत नाही. तारा फळीपासून बोटभर उंच, फ्रेटच्या जागी नुसत्या रंगवलेल्या रेघा. मान थोडी वाकली असली तरी बारला पत्ता लागत नाही. खरं तर ही इस्त्रीच्या टेबलासारखी एक फळी आहे, दोन टोकांना आधार (खुंट्यांकडचा तो नट, दुसऱ्या टोकाचा तो ब्रिज), मध्ये ताणलेल्या तारा आणि खाली एक पिकअप, म्हणजे तारांची थरथर अँपपर्यंत पोचवणारं वेटोळं. बाजारात विकली गेलेली पहिली इलेक्ट्रिक गिटारसुद्धा लॅप स्टीलच होती: रिकनबॅकरची अॅल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’, १९३२ ची. अक्षरशः तव्याला दांडा. स्टेजच्या दिव्यांनी ती तापली की सूर हलायचा, एवढाच तिचा दोष.

म्हणजे स्वस्त लॅप स्टील चांगली असू शकते. स्वस्त सतार चांगली असणं अवघड, स्वस्त लॅप स्टील चांगली असणं नेहमीचं. पण ती ज्या तीन-चार ठिकाणी बिघडते तिथे अगदी नेमकी बिघडते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. रंग, पॉलिश, मोत्यासारखी चकाकणारी पट्टी यांकडे बघण्यात दुकानात पंधरा मिनिटं जातात आणि ब्रिज कुठे बसलाय ते कुणी मोजत नाही.

हे मी स्वतः भोगलं आहे. माझी पहिली हवाईयन नवी कोरी होती, लालभडक. वर्षभर मी बाराव्या रेघेवर बार नेमका ठेवायचो आणि तार षड्ज उतरलेला लागायचा. माझ्या कानातच खोट आहे असं मी धरून चाललो होतो. एका जुन्या वादकाने माझ्या हातून गिटार घेतली, खिशातून दोरा काढला आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं की ब्रिज चार मिलिमीटर मागे बसलाय. चार मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. साडेबावीस इंची गिटारीवर त्याने बाराव्या रेघेवरचा सूर बारा सेंटने उतरतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा आठवा भाग. पेटीशेजारी बसून वाजवलं की हे सगळ्यांना कळतं, फक्त चूक कुणाची ते कळत नाही.

तो दोरा तुम्हीही न्या. न ताणणारा हवा, पतंगाचा चालेल, स्वेटरच्या लोकरीचा नको. तार नटवर जिथे टेकते तिथपासून ब्रिजवर जिथे टेकते तिथपर्यंत दोरा धरा आणि तोडा. हीच तुमची पट्टी. दोरा दुहेरी घडी घाला आणि नटपासून लावा: टोक बाराव्या रेघेवर यायला हवं, तिथे तार षड्ज. दोऱ्याचे तीन समान भाग करा: पहिला भाग सातव्या रेघेपाशी संपायला हवा, तो पंचम. चार भाग करा: पाचवी रेघ, मध्यम. पाचव्या आणि सातव्या रेघेला अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडेल. गिटारीच्या रेघा समान अंतरांच्या सप्तकाच्या, दोरा शुद्ध गणिताचा, म्हणून तो फरक. पण दोन-तीन मिलिमीटर पडत असेल तर वाद्य परत ठेवा. मिलिमीटरची पट्टी असेल तर साडेबावीस इंची, म्हणजे ५७१.५ मिलिमीटर लांबीवर पाचवी रेघ १४३.४ वर, सातवी १९०.१ वर आणि बारावी २८५.७५ वर असते. ब्रिज सरकवता येण्यासारखा असेल तर चूक दुरुस्त होते. पण बारावी बरोबर आणि सातवी चूक असेल तर पट्टीच चुकीची छापलेली आहे, त्याला इलाज नवी पट्टी चिकटवणं हाच.

रेघ बघताना डोकं गिटारीच्या बरोबर वर आणा. वाजवताना आपण तिरके बघतो आणि तारा रेघेपासून बऱ्याच उंच असतात, त्यामुळे बार रेघेवर आहे असा भास होतो. नवशिक्यांचे निम्मे बेसूर याच तिरक्या नजरेचे.

तर कपाटावरच्या गिटारीचं. तिला तीन गोष्टी लागतील. पहिली, नटवर बसवायची धातूची उंच पट्टी. दुकानात हवाईयनचा नट म्हणून मागा. ती जुन्या नटवर टोपीसारखी बसते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते, चिकटवावी लागत नाही, नको असेल तेव्हा काढता येते. तिच्यामुळे तारा फ्रेटच्या वर आठ-दहा मिलिमीटर उंच होतात. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: ब्रिजवरची हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. साध्या गिटारीच्या तारा किंचित कमानीत असतात, मधल्या दोन वर, कडेच्या खाली. बार असतो सरळ. नट सरळ केला आणि ब्रिज कमानीतच राहिला, तर वरच्या घरांत बार मधल्या तारांवर टेकेल आणि पहिली तार खणखणीत बोलणार नाही, आणि सगळी गाणी तर पहिल्या तारेवरच वाजायची आहेत. ती पट्टी बाहेर ओढून काढा, त्याच मापाची नवी सपाट माथ्याची घडवून घ्या. आपल्या भागातला सतार-तंबोऱ्याचं काम करणारा कुणीही हाडाची पट्टी अर्ध्या तासात घासून देतो. त्याला एवढंच बजावा की इथे जवारी नको आहे. सवयीने तो माथा रुंद ठेवेल आणि तार झणझणेल. इथे माथा बारीक हवा, तार एका रेषेवर टेकली पाहिजे.

तिसरी गोष्ट बार. कुणी रॉडही म्हणतं. पंधरा हजारांतले पैसे जिथे हात न आखडता घालावेत अशी ही जागा, आणि गंमत अशी की इथेच सगळ्यात कमी लागतात. गिटारीबरोबर फुकट मिळणारा बार बहुतेक वेळा हलका आणि पोकळ असतो किंवा त्याचा मुलामा उडालेला असतो. हलका बार तारेवर नीट बसत नाही, सूर लवकर मरतो आणि मुठीने दाबावं लागतं. बार स्वतःच्या वजनाने तारेवर बसला पाहिजे, हाताने फक्त दिशा द्यायची. चांगला तयार बार मिळाला तर घ्या. नाहीतर लेथवाल्याकडे जा. भोसरी असो, इचलकरंजी असो, लेथवाला सगळीकडे आहे. स्टेनलेस स्टीलचा भरीव गोल रॉड, जाडी १९ मिलिमीटर, लांबी ७५. एक टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल, दुसरं सपाट पण कड मोडलेली. याचं वजन एकशे साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतं. हात मोठा असेल तर २२ मिलिमीटर जाड आणि ८० लांब, ते साधारण दोनशे चाळीस. मी सुरुवातीला पहिलाच सुचवीन. लेथवरून उतरलेल्या रॉडवर बारीक गोल चऱ्या असतात, त्या जायलाच हव्यात. ४०० चा पॉलिश पेपर, मग ८००, १२००, २०००, शेवटी बफ. नख आडवं फिरवून बघा. नखाला खरखर लागली तर तारेलाही लागेल आणि प्रत्येक मींडेत सर्र आवाज येईल. बारचं काम अर्धवट सोडू नका, गिटारीवर ओरखडा चालेल.

आता तारा आणि सूर. भावगीतांसाठी ओपन डी लावा. जाड तारेपासून बारीकपर्यंत डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. आपल्या भाषेत पांढरी दोनचा सा, आणि तारा सा, प, सा, ग, प, सा. यात गिटारीच्या नेहमीच्या सुरावटीतल्या (तारा लावायच्या पद्धतीतल्या) चार तारा उतरतात आणि दोन तशाच राहतात, एकही चढत नाही. जुन्या गिटारीच्या पोटावर ताण वाढत नाही हा मोठा फायदा. इंटरनेटवर बघून डोब्रोवाल्यांची (डोब्रो म्हणजे पोटात धातूची थाळी असलेली गिटार) चढी ओपन जी लावायला जाऊ नका. त्यात पाचवी तार ए वरून बी वर आणि सहावी ई वरून थेट जी वर चढते. साध्या संचावर एक तर तार तुटेल, नाहीतर ब्रिज उचकटेल. त्या सुरावटीसाठी वेगळ्या जाडीच्या तारा लागतात. ओपन डी साठी बाजारात मिळणारा तेराचा, म्हणजे ०१३ ते ०५६ चा अकूस्टिक संच सरळ चालतो (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत). इलेक्ट्रिकचा दहाचा संच लावलात तर तारा लोंबतील आणि बार खाली फ्रेटला आपटेल. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारीला मात्र यातलं काही करू नका. नायलॉन बारखाली बोलत नाही आणि स्टील लावली तर तिचा ब्रिज निघून येतो. तुमची स्टीलची आहे, म्हणून चिंता नाही.

दोन महिने यावर पहिल्या दोन तारांवरच गाणी काढा. तेवढ्यात एक गोष्ट नक्की कळेल: तुम्हाला मींड प्यारी आहे की सुरांचे झुबके. कोणती गिटार घ्यायची हे त्यावर ठरतं. एका तारेवर गाणं गाणाऱ्याला जास्त लांबीची गिटार सोयीची, साडेचोवीस-पंचवीस इंच. तार ताठ राहते, सूर लांबतो, दोन स्वरांत अंतर जास्त म्हणून गमक सुबक येते. हवाईयन पद्धतीने बार तिरका धरून दोन-तीन तारांवर वेगवेगळे सूर घ्यायचे, तर साडेबावीस इंची बरी. पहिल्या घराचं अंतर साडेपंचवीस इंचीवर छत्तीस मिलिमीटर असतं, साडेबावीसवर बत्तीस. चार मिलिमीटरने मनगटाला केवढा फरक पडतो ते तिरका बार धरून पाहिल्यावरच कळेल. तशा वाजवण्यासाठी सी६ ही सुरावट, सी, ई, जी, ए, सी, ई, म्हणजे सा ग प ध सा ग. अमेरिकेतल्या जेरी बर्डने ती गाजवली. तिला पहिली तार ०१५ च्या आसपासची आणि बाकीच्या त्या हिशोबाने लागतात, साध्या संचातून ती निघत नाही.

आठ तारांच्या मोहात पडू नका. सहा पुरे.

मग तुमचे तीन पर्याय. कोलकात्याची इलेक्ट्रिक, गिवसन किंवा हॉबनर अशा नावांची, तुमच्या बजेटात अँपसकट बसते आणि तुमच्या गाण्यांना तिचा आवाज ओळखीचा आहे. या किमतीच्या वाद्यांत एका मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो, म्हणून फोटो बघून मागवू नका, समोर तीन असतील तर तिन्ही वाजवा. दोऱ्याची परीक्षा झाली की खुंट्या बघा. तार सुरात लावा, बार पहिल्या तारेवर ठेवून वीस-पंचवीस वेळा जोरात छेडा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरवर पुन्हा बघा. उतरली असेल तर खुंटी घसरते आहे. मग खुंटी उलट फिरवून बघा: फिरवल्यावर सुई क्षणभर हलत नाही आणि मग एकदम उडी मारते, म्हणजे दाते ढिले. खुंट्यांचा नवा संच फार महाग नसतो, पण तो धरून भाव करा. नंतर जॅकमधली वायर हळूच हलवा, खरखर आली तर सोल्डर सुटलंय. हेही दुरुस्त होतं. बाराव्या रेघेवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा वरचा सूर, काढा, मग तिथेच बार ठेवून वाजवा. दोन्ही सूर एकच असले पाहिजेत, सहाही तारांवर. शेवटी बार सगळ्या तारांवर सपाट ठेवा आणि एकेक तार छेडा. एखादी गुणगुणली किंवा मेल्यासारखी वाजली तर नटच्या खाचा एका पातळीत नाहीत. कानशीने दहा मिनिटांचं काम, पण दुकानदाराला ते दाखवून द्या, कारण त्याचेही पैसे कमी होतात.

परदेशी स्वस्त मालात रोग नावाची एक कंपनी आहे. नावावर जाऊ नका. तिची लॅप स्टील अमेरिकेत कित्येक वर्षं शंभर डॉलरच्या आसपास विकली गेली आणि तिथल्या असंख्य लोकांनी तिच्यावरच सुरुवात केली. त्याच्या वरच्या पायरीवर ग्रेच आणि रेकॉर्डिंग किंग येतात, त्या नीट बनवलेल्या आहेत. पण इथे मागवताना भाडं, जकात आणि कर लागले की स्वस्ताईची हवा निघून जाते, आणि दोऱ्याच्या परीक्षेत नापास झाली तर परत पाठवायचा खर्च तुमचाच. अमेरिकेतून कुणी नातेवाईक येणार असेल आणि बॅगेत जागा असेल तर मात्र जरूर आणवा. लॅप स्टील चपटी आणि छोटी असते, साध्या गिटारीसारखं तिचं विमानात लोढणं होत नाही. बारही तिथूनच आणायचा असेल तर तो सामानाच्या बॅगेत टाकायला सांगा. हातातल्या बॅगेत स्टीलची भरीव कांडी सापडली की तपासणीला उत्तरं देत बसावं लागतं.

जुनी जपानी. मला स्वतःला हा पर्याय सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात धोक्याचाही वाटतो. गुयाटोन, टिस्को या जपानी कंपन्यांनी पन्नास-साठच्या दशकांत लॅप स्टील बनवल्या. जुनं लाकूड, जुन्या धाटणीचा पिकअप, आवाजाला एक खरखरीत गोडवा. तसंच जुनं अमेरिकन काही हाती लागलं, सुप्रो, नॅशनल, गिब्सनची बीआर-९, तर भाव ऐकून मगच हात लावा. जपानीची पहिली परीक्षा पिकअपची. वायर जॅकमध्ये घाला, आवाजाचं बटण पूर्ण उघडा, वायरच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा: एक काटा टोकाला, एक बाहेरच्या नळीला. चार ते दहा किलो-ओहम दिसले तर पिकअप जिवंत आहे. अडीचशे किंवा पाचशे किलो-ओहम दिसले तर तुम्ही नुसतं बटण मोजताय, पिकअपची तार आत कुठेतरी तुटली आहे. बारीक तांब्याची तार पन्नास-साठ वर्षांनी गंजते, त्यात विक्रेत्याची लबाडी असतेच असं नाही. पण मग भाव फळीचा द्या, गिटारीचा नको. पिकअप पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर आहेत, फक्त ते शोधण्यात महिने जातात. बटण फिरवताना खरखरलं तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला की बहुतेक वेळा जातं.

चौथा पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण सुताराशी ओळख असेल तर सांगतो. ऐंशी सेंटिमीटर लांबीची सागाची वाळलेली फळी, खुंट्यांचा संच, एक पिकअप, एक बटण, एक जॅक, नट आणि ब्रिजला अॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे. पाचव्या, सातव्या आणि बाराव्या रेघेची मापं वर दिलीच आहेत, बाकीची समान अंतरांच्या सप्तकाच्या हिशोबाने काढता येतात. माझ्या एका शिकाऊ मित्राने जुन्या दाराच्या चौकटीची केली. कडेला अजून बिजागरीची खाच दिसते, आणि तिचा आवाज माझ्या लालभडक पहिल्या गिटारीपेक्षा कितीतरी चांगला आहे.

अँपबद्दल थोडकंच. घरी वाजवायला दहा-पंधरा वॉटचा छोटा सरावाचा अँप पुष्कळ झाला, जुना चालेल. एकेरी वेटोळ्याचा पिकअप गुंजारव करतोच. तारांना हात लावला की गुंजारव कमी होत असेल तर गिटारीचं अर्थिंग ठीक आहे. पण घराचं? आपल्याकडे तीन पिनांचं सॉकेट असतं आणि अर्थची वायर पुष्कळदा नुसती आत लोंबत असते. इथे तुमचा एक हात स्टीलच्या बारवर, दुसरा तारांवर, दोन्ही हात थेट अँपच्या पत्र्याशी जोडलेले. म्हणून पहिल्या दिवशी अँप चालू करून तारांना साधा निऑन टेस्टर लावून बघा. मंद जरी पेटला तरी वाजवू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. हा खर्च बजेटमध्ये धरला नसेल तर गिटारीतून कापा.

पैशांचा अंदाज असा ठेवा की दोन हजार आत्ता जुन्या गिटारीवर, बार त्यातच. दोन महिन्यांनी आठ-नऊ हजार गिटारीला, तीन-चार अँपला. गिटार थोडी स्वस्तात मिळाली तर उरलेले खुंट्यांवर आणि तारांच्या दोन जादा संचांवर घाला, पिशवीवर नको. अंगठ्याची आणि दोन बोटांच्या नख्या लागतील. अंगठ्याची प्लास्टिकची आणि बोटांच्या धातूच्या, त्या बोटावर चिमटीने दाबून बसवायच्या. आधी सैल बसतात, मग टोचतात, आठवड्याने विसर पडतो.

पावसाळ्याचं एक राहिलं, कारण तुम्ही कोकणात असाल तर जूनमध्ये आठवण येईल. दाबून वाजवायच्या गिटारीत तार थोडी गंजली तरी भागतं. इथे गंजाचा प्रत्येक कण बारखाली ऐकू येतो. वाजवून झालं की दर वेळी तारा खालून-वरून पुसा, बारही पुसा, आणि बार तारांवर ठेवून उठू नका. पुसायला जुन्या सुती धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला. मायक्रोफायबर त्या तारांच्या टोकांत अडकून चिंध्या होतं.